दिवसा न दिसणारी ज्योत

आनेकल, बेंगळुरू
१२ मार्च

तीर्थरूप आप्पांना आसावरीचा नमस्कार.

झालं ते असं:

१. मंगळवारी सकाळी ११.४० वाजता अमोनियाच्या रिअ‍ॅक्टरचा जोड फुटला. दाब दीडशे बार होता.

२. आतला हायड्रोजन पेटला. त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. आमचा ऑपरेटर गिरीराज सरळ तिच्यात चालत गेला.

३. मी त्याला हात धरून ओढलं. कातडी हातमोज्यासारखी निघून माझ्या मुठीत आली.

तो जिवंत आहे. माझा डावा तळवा भाजलाय. आईला वाफ लागली एवढंच सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

तुमच्या खत कारखान्यात गळती शोधताना केरसुणी पुढे धरून चालायचे, ती पेटली की थांबायचे. हे मी इथे सुचवलं तेव्हा मॅनेजर विश्वासराव हसले होते. "अक्का, सेन्सर आहेत की! झाडलोट कशाला?" त्या जोडाजवळचा सेन्सर आठवडाभर बंद होता. मी तीनदा लेखी कळवलं होतं.

काल ते म्हणाले, "स्वल्प, थोडं समजून घ्या अक्का. बोल्ट गिरीराजनेच सैल केला, एवढं लिहून सही करा."

तुमच्या कारखान्यात सदाशिवकाका भाजले तेव्हा तुम्ही असल्याच कागदावर सही केली होतीत. मी नववीत होते. त्यानंतर तुम्ही त्यांच्या दारावरून जाणं सोडलंत, बाजाराला लांबच्या रस्त्याने जायचात.

का केलीत, ते विचारत नाही. आज तो कागद पुढे आला तर सही कराल का, एवढंच लिहा. फोन नको, आई ऐकते.

चौकशी २१ तारखेला आहे. उत्तर २० पर्यंत माझ्या हातात पडावं.

आसावरी