आवणीत आलेला सत्कार

लोणावळे, ता. ३ जुलै १९३८

तीर्थरूप भिमाजीदादांच्या चरणी धाकट्या महिपतीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मावळातल्या भातशेतीवरच्या माझ्या पुस्तकाबद्दल इथल्या वाचनालयाची मंडळी १७ तारखेला, रविवारी, माझा सत्कार करणार आहेत. तुम्ही आणि मुक्ताआत्याने पुढच्या रांगेत बसायचे. ज्यांच्या तोंडून सारे उतरवून घेतले तीच माणसे नसली, तर शाल मला टोचेल.

लोभ आहे तो वाढावा.

आंदर मावळ, ता. ७ जुलै

चि. महिपतीस दादाचा आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. १७ला शेजारच्या रखमाजीच्या खाचरात भाताची आवणी, १९ला आपल्या. सावडीवर तूच अकरा पाने लिहिलीस. घरटी दोन माणसे एकमेकांचे भात लावतात, जो पाळी चुकवतो त्याच्या खाचरात कोणी उतरत नाही. माझा पाय मुरगळलाय. तुझ्या वहिनीबरोबर दुसरे माणूस म्हणून तुझे नाव सांगून बसलोय. आत्याचे शब्द जसेच्या तसे कळवतो: येवडं लिवलं, पर आवणी कवा असती त्येच इसारला व्हय.

बाकी क्षेम.

लोणावळे, ता. ११ जुलै

ती. दादांस सा. न.

चिटणीस म्हणतात, पुण्याच्या अध्यक्षांना तोच रविवार मोकळा. आवणीची अडचण सांगितली, तर म्हणाले, उत्तमच, चार बायका आणा आणि व्यासपीठावर परातीत भात लावून दाखवा. मी डोके धरून घरी आलो. पण तारीख मीच कबूल केली होती. दादा, आपल्या चिखलातल्या कामाला शाल घालायला पुन्हा कोण येणार? सत्कार सोडायला जीव होत नाही, आणि पाळी सोडली तर तुमचे खाचर पडीक राहील. काय करू?

आपला, महिपती

आंदर मावळ, ता. २० जुलै

चि. महिपतीस आशीर्वाद.

रविवारी सत्कार सोडून तुला रखमाजीच्या चिखलात उतरलेला पाहिले. फार बरे वाटले. काल आपल्या खाचरात सत्तावीस माणसे आली.

पण पुस्तक लिहिणाऱ्याने रोपे इतकी खोल खोचावीत? तू गेल्यावर आत्याने तुझ्या चारही ओळी उपटून पुन्हा लावल्या, रखमाजीला कळूसुद्धा दिले नाही. मी बोलायला लागलो तर मलाच गप्प केले. म्हणाली, पुढल्या साली त्येला आठ दिस आदी बोलव, म्या शिकवते.

आवणीतली तारीख कबूल केलीस याचा राग अजून आहे, तरी माया पातळ करू नकोस.

तुझा दादा