कार्यालयाच्या बोर्डाला वायर जोडल्याची हकीगत

बनशंकरी, बेंगळूरु
रविवार, दुपारची कॉफी झाल्यावर

तीर्थस्वरूप सत्यवती अक्कांच्या चरणी धाकटा भाऊ बिंदुमाधव याचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इथे बरे आहोत. तुमच्या गुडघ्यांना धारवाडची थंडी कितपत मानवते ते कळवा. मागे पाठवलेलं तेल लावता की कपाटात ठेवून त्याला नमस्कार करता, तेही कळवा. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. पण फोनवर तुम्ही माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि हे सगळं सांगायला मला बरीच वाक्यं लागणार आहेत. (पत्रात मध्येच बोलता येत नाही. तुम्ही बोलाल म्हणा, पण मला ऐकू येणार नाही.)

तर अक्का, गेल्या पंधरवड्यात मी सिरियल कम्युनिकेशन शिकलो. सिरियल म्हटल्यावर तुम्हाला संध्याकाळी साडेसातची सासू-सून आठवेल. मलाही तीच आठवली होती. झालं असं की बसवनगुडीतल्या आपल्या समाजाच्या मंगल कार्यालयाचे मॅनेजर देवाप्पा एका सकाळी घरी आले. कार्यालयाच्या फाटकावर, रस्त्याकडे तोंड करून, तांबड्या दिव्यांची अक्षरं सरकवणारा एक बोर्ड आहे. तो लावणारे गृहस्थ परदेशी निघून गेले, आणि तेव्हापासून तो बोर्ड गेली सहा वर्षं कुणा अभिराजच्या बारशाला आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करतोय. अभिराज आता पहिलीत आहे. एवढ्यात आपल्या मावसभावाच्या, म्हणजे रघुजीच्या, मुलीचं, वल्लरीचं लग्न तिथेच ठरलेलं. वरातीसमोर बारसं सरकत गेलं तर बरं दिसेल का, असा देवाप्पांचा प्रश्न. "तुमी फॅक्टरीत कंप्यूटर बघितलेले. स्वल्प करून द्या, सार."

रघू कार्यालयाचा अध्यक्ष, आणि त्याचा माझा नऊ वर्षांचा अबोला. मी नाहीच म्हणणार होतो. पण देवाप्पा म्हणाले, अध्यक्ष दुपारचे कधी येत नाहीत, त्यांना कळणारसुद्धा नाही. आणि वल्लरी लहानपणी माझ्या खांद्यावर बसून कडलेकाई परिषे, म्हणजे आपली ती शेंगांची जत्रा, बघायची. मी "सरी, बरं" म्हणून मोकळा झालो.

आमची सुप्रीता (सून म्हणून सांगत नाही, पण डोक्याने तल्लख) मोजमापाच्या यंत्रांच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "बाबा, रविवारी मी येऊन पाच मिनिटांत करून देते." हे ऐकल्यावर ते काम माझ्याच हातून होणं भाग होतं, हे तुम्हाला कळेल. मी म्हटलं, नुसतं समजावून दे. मग तिने समजावलं. संगणकातून बोर्डाकडे अक्षरं एका वायरीतून जातात, एकामागून एक. एकेका अक्षराचे पुन्हा आठ तुकडे, तेही एकामागून एक. (मी विचारलं, सगळे एकदम का नाही जात? ती म्हणाली, वायर एकच आहे, बाबा.) दोन्ही टोकांनी वेग आधी ठरवून घ्यायचा, कारण मध्ये उभं राहून 'हं, आता घे' म्हणायला कुणी नसतं. एक भरभर बोलला आणि दुसरा सावकाश ऐकू लागला की पोचतं ते भलतंच. शिवाय एकाच्या तोंडाची वायर दुसऱ्याच्या कानाला जोडायची. तोंडाला तोंड जोडलं तर बोलतात दोघं आणि ऐकत कुणीच नाही. मी म्हटलं, एवढंच ना? हे मी चाळीस वर्षं संसारात बघतोय.

पहिल्या दुपारी कळलं की बोर्डाच्या वायरीला नऊ टाचण्यांचं तोंड आहे आणि सुप्रीताच्या लॅपटॉपला तसं भोकच नाही. एस. पी. रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन दोघांची ओळख करून देणारी मधली वायर आणली. दुसऱ्या दुपारी ती जोडली, तर बोर्डावर बारसं जसंच्या तसं. मी नेमकी तोंडाला तोंड जोडणारी वायर आणली होती. पुन्हा एस. पी. रोड. दुकानदाराने या खेपेला मला खुर्ची दिली. तिसऱ्या दुपारी वायर बरोबर, पण लॅपटॉप त्या भोकाला कधी तीन नंबर म्हणे, कधी सात. वायर ज्या बाजूला खोचू त्याप्रमाणे तो नंबर बदलायचा, आणि मी तीन नंबरच्या दारात उभा राहून सात नंबरवाल्याला हाका मारत होतो. चौथ्या दुपारी एकदाचं बारसं गेलं आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्हं, तुटक्या रेघा, अर्धे चौकोन सरकू लागले. देवाप्पांना ते तमिळ वाटलं. फाटकापाशी बसणाऱ्या तमिळ फुलवालीने नीट निरखून पाहिलं आणि ते मराठीच असल्याची ग्वाही दिली. फोनवर सुप्रीता म्हणाली, "वेग जुळत नाहीये, शहाण्णवशे ठेवा."

पाचव्या दुपारी मी शहाण्णवशे ठेवले. आता नीट वाचा, अक्का. बोर्ड बाहेर रस्त्यावर आणि मी आत ऑफिसच्या खोलीत. मधे भिंत. देवाप्पा कॉफीला गेलेले. मी रोमन अक्षरांत (बोर्डाला तेवढीच येतात) स्वागताची ओळ टाइप केली, एंटर दाबलं. पडद्यावर काही नाही. मी लिहिलेलं अक्षरसुद्धा उमटलं नाही. पुन्हा लिहिलं. पांढरं कोरं. म्हटलं, वायर मेली.

माणूस भिंतीशी बोलायला लागला की काय बोलेल याचा नेम नसतो. आधी मी त्या बोर्डाच्या सात पिढ्यांना उद्देशून चार ओळी लिहिल्या. मग लिहिलं, देवाप्पांची कॉफी म्हणजे कावेरीचा उगम, शोधायला गेलेला माणूस परत येत नाही. मग लिहिलं, अध्यक्ष रघुजी पाऊण तास भाषण करतात आणि त्यात 'दोन शब्द' हे दोनच शब्द खरे असतात. लिहिलं की पडदा कोरा, म्हणून आणखी लिहिलं. जड काहीतरी उतरत असल्यासारखं वाटत होतं. आणि शेवटी कुणी वाचत नाही म्हणूनच एक ओळ लिहिली, जी मी नऊ वर्षांत तोंडाने उच्चारली नव्हती.

बाहेर गलका ऐकू येत होता. मला वाटलं, कुठल्या देवळाचा रथ चाललाय. तेवढ्यात देवाप्पा चपलेसकट धावत आत आले. "निल्लिसी, सार! थांबवा! रस्ताच्या रस्ता वाचतोय!"

पडद्यावर आपलं आपल्याला दिसावं म्हणून लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागते, हे मला नंतर कळलं. मी ती केली नव्हती. मला दिसत नव्हतं, एवढंच. बोर्डाला सगळं पोचत होतं. कावेरीचा उगम वाचायला एक बस थांबली होती, आणि समोरच्या फुटपाथवर हातात शहाळं धरून, मांडववाल्याला भेटायला आलेला रघू उभा होता. देवाप्पांनी सांगितलं, तो भाषणाच्या ओळीपासून हललेला नाही.

मी मागच्या दाराचा विचार केला. पण मागे स्वयंपाकघर आहे आणि तिथले आचारीही गलका ऐकून दारात जमलेले, म्हणजे माझी वाट दोन्हीकडून माणसांतूनच जात होती. मी बसून राहिलो. रघू आत आला, शहाळ्यासकट. केस सगळे पिकलेत त्याचे. समोरची खुर्ची ओढून बसला. लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "पाऊण तास नाही. पस्तीस मिनिटं."

मी म्हटलं, "सरी."

"ते शेवटचं परत लाव," तो म्हणाला. "चष्मा गाडीत राहिला होता. लोकांनी वाचून सांगितलं, पण लोकांचा काय भरवसा."

तो चष्मा आणायला गेला. खिडकीतून देवाप्पांनी हात वर केल्यावर मी ती ओळ पुन्हा लिहिली. घाईत 'रघू'च्या नावात दोन एच पडले. त्याला परत यायला फार वेळ लागला. आला तेव्हा त्याने शहाळं माझ्यापुढे ठेवलं. त्यात पाणी नव्हतं, पण मलई होती.

आता बोर्डावर वल्लरीचं नाव व्यवस्थित सरकतंय. सुप्रीताने तपासलं आणि एकही चूक काढली नाही, म्हणजे उत्तमच असणार. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला पुन्हा एकदा दंडवत.

आपला आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
बिंदुमाधव

ता. क. : ती ओळ काय होती, हे तुम्ही विचारणारच. 'रघू, चूक माझी होती.' रघू त्याच्या सत्काराच्या पंगतीतून मला टाकून उठून गेला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खरंच आहे. फक्त त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. त्याच्या बायकोसमोर, सासरच्या माणसांसमोर मी माईकवर म्हटलं होतं की रघूला बढती कामाची नाही, साहेबाचं कुत्रं फिरवल्याची मिळाली. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. तुम्ही माझ्या बाजूने नऊ वर्षं त्याच्याशी बोलला नाहीत आणि आता लग्नाची पत्रिका परत पाठवलीत. अक्का, माझ्या बाजूने भांडणं आता थांबवा. ती बाजूच खोटी होती. आमचा समेट झालाय आणि भांडणात तुम्ही एकट्याच उरल्या आहात. लग्नाला या.

ता. क. दुसरा, वेगळ्या हस्ताक्षरात : अक्का, मी रघू. पत्र पोस्टात टाकायला मागून घेतलं आणि वाचलं. डोळे पुसत होतो असं याने लिहिलं नाही, म्हणून चुकूनही तसं समजू नका. ऊन होतं. तुमच्यासाठी तळमजल्यावरची खोली ठेवली आहे, जिना नाही. माझ्याशी अबोला सोडायचा नसेल तर सोडू नका. पण तो इथे येऊन, माझ्यासमोर बसून धरा.