मधल्या भिंतीचा दाखला

१२ जानेवारी

चि. पदवीधरबाईंस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मधली भिंत छताचा भार घेते का ते लेखी कळवा, तुमच्या उत्तरावरच आई ती पाडणार आहे, असं लिहिलंस. केवढा हा वकिली थाट! मंगळवारी तुम्ही बाहेर होतात, तेव्हा शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन भिंत ठोकून पाहिली. नुसता आडोसा आहे, खुशाल पाडा. ताईला म्हणावं, शिवणाची दोन्ही मशिनं शेजारीशेजारी मांड. ओव्हरसियर म्हणून माझ्या सहीशिक्क्याचा दाखला जोडलाय. आता तरी विश्वास ठेवशील ना?

तुझा,
मामा

९ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

भिंत पाडल्याच्या तिसऱ्या दिवशी आई कापड बेतत असताना छत खाली आलं. ती वाचली, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. आता कात्री कशी धरू, एवढंच विचारत असते. तुमच्यावर मात्र राग नाही. म्हणते, भावाने स्वतः येऊन पाहिलं होतं, त्याचा काय दोष? पण काकू सांगतात, किल्ली कुणी मागितलीच नाही. मामा, तुम्ही आला होतात ना? नुसतं 'हो' लिहा.

तुमची,
भाची

१५ फेब्रुवारी

चि. भाचीस आशीर्वाद.

तुझ्यापासून काय लपवू? काकूंच्या घराची भिंत मी पूर्वी तपासली होती. सगळी घरं एकाच नकाशाची, म्हणून तुमची वेगळी पाहिली नाही. तुमच्या घरावर मागाहून खोली चढवली, हे ध्यानातच आलं नाही. पण घरच्यांना दिलेल्या सल्ल्याची कसली गं जबाबदारी? तो दाखला फाडून टाक, नाहीतर माझा परवाना जाईल. ताईला यातलं काही कळू देऊ नकोस.

मामावर माया असू दे.

२२ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

दाखला फाडला नाही, वकीलबाईंकडे दिला. सल्ला घरगुतीच होता, तर शिक्का कशाला मारलात? आणि तुमच्या शब्दावरच भिंत पडणार, हे मी आधी कळवलं होतं. न पाहता पाहिलं म्हणालात. 'माहीत नाही' लिहिलं असतंत, तरी आम्ही थांबलो असतो.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं आणि तोंड फिरवलं. आज दाव्याचे कागद आले. वकीलबाई म्हणाल्या, अंगठा चालेल. आई म्हणाली, सहीच करीन. डाव्या हाताने चार वेळा गिरवून तिने ती केली.

या वेळी लोभ मागवत नाही.

भाची