पार्सल वरठीलाच होतं

दामिनी,

तुझ्या कादंबरीचं पार्सल अजून वरठी स्टेशनावरच पडलं होतं आणि आपल्या वाचकांच्या ग्रुपवर 'अप्रतिम', 'डोळे पाणावले' सुरू झालं. मी एवढंच विचारलं, "न वाचता रडता कसे?" तू ॲडमिन, मला काढून टाकलंस. वर फोन केलास, "भाऊ, कायले भांडून राहिला? लोकं प्रेमानं लिहितेत."

हे प्रेम नाही, हा वाचण्याचा आळस आहे.

पार्सल मीच सोडवून आणलं. पुस्तक दोनदा वाचलं. नवऱ्याचं घर सोडलेली तुझी नायिका शेवटच्या पानावर परत जाते. ती गेली नसती. तू घाबरून तिला परत पाठवलंस.

ग्रुपवर हे तुला कोणी सांगणार नाही. तुझा फोन स्पीकरवर असतो आणि तुझी पत्रं आधी नवरा उघडतो, म्हणून हे पत्रही माझ्याजवळच ठेवतो.

तुझा वाचक,
नंदलालभाऊ, अड्याळ