भिंगरीला वेळ लागतो

शनिवार, १४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पुढच्या महिन्यात जहाजावरून सुटी घेऊन येतोयस हे वाचल्यापासून तुझ्या वहिनीने मागची खोली आवरायला काढलीय, त्यामुळे मला माझ्याच घरात पाय ठेवायला जागा नाही. छापखान्यात नवं यंत्र आलंय. ते माझ्यापेक्षा कमी बोलतं आणि जास्त काम करतं, म्हणून मालक त्याच्यावर खूश आहेत. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. बाकी ठीक.

तू विचारलंयस, भिंगरीसाठी हजार तुकड्यांचं कोडं आणू की गोष्टींची जाड पुस्तकं? त्या एका ओळीवर मी अडकून बसलोय. फोनवर तू "पोरगी कशी आहे?" म्हणतोस आणि मी "एकदम मस्त" म्हणून मोकळा होतो. ते खोटं नाही. गालांवर रंग आलाय, जिने चढते, औषधं कुरकुर न करता घेते. नवं हृदय छान चाललंय, दर तपासणीत डॉक्टर खूश असतात.

तुला आठवतं ना, आजारी पडायच्या आधी ती तुझ्या खांद्यावर बसून दुकानांच्या पाट्या वाचायची? चार वर्षांचीही नव्हती. तू मुद्दाम चुकीचं वाचायचास आणि ती तुझे केस ओढून ओरडायची, "मठ्ठ काका!" छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यावर बसवली की तोंडाला खळ नाही. एकदा ओल्या शाईच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, इथे घर नाहीये. धर झालंय." दोन मोठ्या माणसांनी तपासलेलं पान होतं ते! मालकांनी तिला त्या दिवशी स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं. अजूनही त्या खुर्चीकडे माझी नजर जाते.

मग तो ताप आला, हृदय फुगलं, आणि इस्पितळातली ती खोली आमचं घर झाली. तू निघालास तेव्हा तिने खिडकीतून हात हलवला. पुढचं तू पाहिलं नाहीस.

शस्त्रक्रियेनंतर ती पाट्या वाचेनाशी झाली. अक्षरं पुन्हा पहिल्यापासून शिकली. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे, येईल गाडी रुळावर. आता आठ वर्षांची आहे, दुसरीत. फळ्यावरचं निम्मं उतरवून होईतो बाईंनी फळा पुसलेला असतो. वही, डबा, पाण्याची बाटली घे म्हटलं तर डबा घेऊन येते आणि बाकीचं काय होतं ते आठवत दारात उभी राहते.

गेल्या आठवड्यात इस्पितळातल्या मानसतज्ज्ञ बाईंनी तिची चाचणी घेतली. मी कोपऱ्यात बसलो होतो. त्यांनी विचारलं, "सायकल आणि आगगाडी, दोन्हींत सारखं काय?" भिंगरी टेबलाकडे बघत राहिली. बाईंनी बराच वेळ वाट बघितली, मग हळूच पान उलटलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "चाकं, बाळा, चाकं!"

नंतर बाई म्हणाल्या, "दोष नव्या हृदयाचा नाही. आधी कितीतरी दिवस मेंदूला पुरेसं रक्त मिळालं नव्हतं, मग ती यंत्रावर होती, मग महिनोन्महिने अंथरुणात. काही मुलांना याचा त्रास होतो, काहींना होत नाही. तिची समज चांगली आहे हो. वेग कमी आहे."

"पहिल्यासारखी होईल?" मी विचारलं.

"पुढे जाईल," त्या म्हणाल्या. "पहिल्यासारखी होईल असं मी म्हणणार नाही."

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. आमचा थांबा जवळ आला तशी एकदम म्हणाली, "बाबा, दोन्हींत बसून गेलं की कुणीतरी मागे राहतं. टाटा करायला."

तुझी आठवण काढून म्हणाली का, ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

धाकट्या, मला ती जुनी पोरगी फार आठवते. कुठल्यातरी घरातलं मूल गेलं, त्यांनी काळजावर दगड ठेवून होकार दिला, म्हणून आपलं राहिलं. त्या आईबापांपुढे मी कुठल्या तोंडाने म्हणू की माझी मुलगी पूर्वीसारखी बडबडत नाही? म्हणून आजवर कुणाशीच बोललो नाही. त्या संध्याकाळी मात्र तुझ्या वहिनीपाशी बांध फुटला. ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "मलाही आठवते. रोज आठवते. पण जेवायला हाक मारली की येऊन बसते, ती ही. हिला कळायला लागलंय हं, आपण कुणाला शोधतो ते."

शाळेशी बोललो. येत्या जूनपासून ती पुन्हा दुसरीतच बसेल, आणि तिला पेपरला जास्त वेळ देणार आहेत. तिला सांगायचं काम आम्ही दोन दिवस एकमेकांवर ढकलत होतो. शेवटी वहिनीनेच सांगितलं. भिंगरीने विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे बाई त्याच?" "हो." "बरं झालं. मला त्या आत्ता कुठे आवडायला लागल्यात."

कोडं पन्नास तुकड्यांचं आण. आपण तिघं मिळून लावू. तिला काही विचारलंस तर दुसरा प्रश्न लगेच विचारू नकोस, उत्तर येतं. आणि पाट्यांची गोष्ट तिच्यासमोर काढू नकोस. ती माझ्याशी काढ, हवी तितकी. छापखान्यातून लवकर सुटून येईन, आपण दोघं चालत लांबवर जाऊ आणि त्या पोरीबद्दल पोटभर बोलू.

घरात शिरशील तेव्हा मात्र हिला भेटायला आलायस, एवढं ध्यानात ठेव. ती तुला ओळखायला थोडा वेळ लावेल. तेवढा थांब.

तुझा दादा,
आणि आत्ता जी आहे, तिचा बाबा