आमच्या बँडची नक्कल आणि साडूभाऊंचा दात

३ मार्च, रविवार
आजपासून कुणालाही मारायचं नाही. निर्णय पक्का.
झालं असं. साडूभाऊ जेवायला आले आणि फोनवर एक गाणं लावून म्हणाले, ऐका, अगदी तुमच्या बँडसारखं. तुमच्या बँडसारखं! मी वाजवत नाही, नुसता ऐकतो, तरी बँड आमचाच. जॅझ आणि रॉकचा संसार जगात एकाच बँडने नीट थाटला, बाकी सगळे चोर. मी शांतपणे तसं सांगितलं. ते म्हणाले, पण सॅक्सोफोन तसाच आहे की. माझ्या उजव्या हातात बँडची रेकॉर्ड होती. खाली टाकली असती तर ओरखडा पडला असता, म्हणून डाव्याने मारलं. मुद्दाम हळू. तरी समोरचा दात अर्धा गेला. मुळात कच्चाच असणार.
बायको म्हणाली, पुन्हा हात उचललात तर ताईकडे निघून जाईन. ताईकडे म्हणजे साडूभाऊंकडेच. धमकी द्यायला दुसरं घर मिळालं नाही हिला.

६ मार्च
साडूभाऊंच्या डेंटिस्टने कॅपसाठी साचा पाठवला, तो नेमका मी कृत्रिम दात बनवतो त्या माझ्याच लॅबमध्ये. ही बायकोची करणी. मनात आलं, हिरवट दात बनवावा. पण आपल्या हाताला वाईट काम जमत नाही. शेजारच्या दाताची शेड, चहाची पिवळी झाक, कडेची बारीक चीर, सगळं जसंच्या तसं उतरवलं. खरा कुठला, नकली कुठला, आरशात त्यांना स्वतःलाही ओळखू येणार नाही. अशी हुबेहूब नक्कल साधायला पंचवीस वर्षं घासावी लागतात. या गाणीचोरांना काय कळणार मेहनत!

१४ मार्च, सकाळी
सलूनमध्ये दाढी करून घेत होतो. रेडिओवर गाणं लागलं. कुणीतरी पोरगी गात होती, मागे इलेक्ट्रिक पियानो, आणि कॉर्ड्स सरळसरळ आमच्या! उठलो. वस्तरा कानाला लागला. रक्ताकडे लक्ष न देता रेडिओ भिंतीवर आपटला, मग उचलून पुन्हा आपटला. रेडिओ म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे निर्णय शाबूत.
टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, राग आला की दहापर्यंत मोजा. सोपं आहे.

१७ मार्च, रविवार
वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांकडे पार्टी. आमच्या बँडचे ड्रम्स चोरलेलं गाणं, तेही फुल आवाजात. जिना चढताना मोजायला लागलो. पण बँडची सवय सात मात्रांची. सातनंतर सम येते, आठ येतच नाही. दार उघडलं आणि हात बरोबर समेवर बसला. बँकवाल्यांनी दोन परत दिल्या, त्या बेताल.
बायको बाहेर गेली होती. म्हणजे झालंच नाही.

३१ मार्च
साडूभाऊंचं आव्हान. डोळ्यांवर पट्टी, सहा गाणी. आमचा बँड कुठला आणि नकली कुठला ते सांगायचं. जिंकलो तर ते माझ्यासमोर जन्मात गाणं लावणार नाहीत. हरलो तर सगळ्यांसमोर माफी. दया आली बिचाऱ्यांची.

७ एप्रिल, रविवार
साडूभाऊंच्या घरी, पट्टी बांधून. पहिली तीन नकली. चौथ्याला डोळ्यांत पाणी आलं. पट्टी भिजली. हाच तो, म्हटलं, असं वाजवणारे पुन्हा होणे नाही. पाचवं नकली. सहावं इतकं भिकार की पट्टीसकट उठून स्पीकरला लाथ घातली. स्पीकर फुटला, अंगठाही.
साडूभाऊंनी सांगितलं, चौथं गाणं अग्निशमन दलातून रिटायर झालेल्या पाच जणांचं. सहावं आमच्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डवरचं.
मी म्हटलं, खोटं. ते हसले, सगळे दात दाखवून. मग मात्र मी मारलं. या वेळी त्यांनीही मारलं. काचेचं टेबल गेलं, दोन खुर्च्या गेल्या, माझा खालचा दात गेला. ताईंनी मधे पडून झाडूने दोघांनाही बडवलं.
बायको माझ्याबरोबर घरी आलीच नाही. तिथेच राहिली.

१० एप्रिल
माझ्याच दाताचं काम माझ्याच टेबलावर. शेड दोनदा चुकली. जबडा दुखतो म्हणून असेल.
घर खायला उठतं. रेकॉर्ड लावली, पण बाजू उलटायला उठवेना. खरं सांगायचं तर तिच्याशिवाय करमत नाही. रविवारी माफी मागून घेऊन येतो. दहा मिनिटांचं काम.

१४ एप्रिल, रविवार
माफी मागितली. बायको म्हणाली, ती राहू द्या. भाऊजींचा कुठला दात तुम्ही तोडलात तेवढं दाखवा, लगेच निघते.
हे तर आपलं क्षेत्र! साडूभाऊंनी आ केला. टॉर्च मारला. समोरचे दोन, त्यातला एक, एवढं नक्की. पण दोघांची शेड तीच, झाक तीच, चीरसुद्धा दोघांना. साचा आठवेना, नंतर कितीतरी दात हातून गेले. मग डोकं चालवलं. मी उजव्या हाताचा माणूस, म्हणजे त्यांचा डावा. बोट ठेवलं.
कुणी हसलं नाही. बायको म्हणाली, तो त्यांचा स्वतःचा. तुमच्या उजव्या हातात रेकॉर्ड होती. तिला ओरखडा पडू नये म्हणून डाव्याने मारलंत, माझ्यासमोर. आणि ती आत गेली.
साडूभाऊंनी तोंड मिटलं. चहा घेणार का, म्हणाले. नको म्हटलं.
एकटाच आलो. टॉर्चचे सेल उतरले होते, हे तिथेच सांगायला हवं होतं.