जोतीरामच्या नावाचा रांजण

शिराळा, २८ ऑगस्ट १९४४

ती. स्व. कृष्णातदादास, धाकट्या राहीचा सा. न. वि. वि.

मामंजी चार दिवस तापानं पडल्यात. हाडं अशी ठणकत्यात की कूस बदलताना वरडत्यात. अंगावर पुरळ हाय. आळीत आणखी दोन घरी हेच. आत्याबाई म्हणत्यात दिष्ट लागली. कोयनेल देऊन बघितलं, उतार न्हाई. रोज सांजचं लिंबाचा धूर करतो, तरी ताप घरात शिरलाच. तू कलकत्त्याच्या लष्करी दवाखान्यात रोगी सांभाळलेस, आता मिरजंच्या इस्पितळात हायस, तर काय ते सांग.

माझ्या चंद्राच्या बापाचं बर्माच्या लढाईवरनं दोन महिनं पत्र न्हाई. जिवाला घोर हाय. माया पातळ करू नगंस.

तुझी राही

मिरज, २ सप्टेंबर १९४४

चि. सौ. राहीस दादाचे अनेक आशीर्वाद.

दिष्ट न्हाई, हा हाडमोड्या ताप. कोयनेल हिवतापाचं, ह्याला त्याचा उपेग न्हाई. पायावर पांढरे पट्टे असलेला डास हा ताप देतो, आन् चावतो दिवसाढवळ्या. तुमी सांजला धूर करता तवर त्याचं जेवण उरकलेलं असतं! आजाऱ्याला चावून तो दुसऱ्याला चावला की ताप तिकडं. म्हणून मामंजींना दिवसाबी मच्छरदाणीत ठेव. माझी लष्करातली धाडतोय. पेज, ताक पाजत राहा. नाकातनं रगत आलं, पोट लय दुखलं, तर गाडी जुंपून इकडंच आणा.

हा डास गटारात न्हाई, घरातल्या निवळ पाण्यात अंडी घालतो. ती भांड्याच्या कडंला चिकटून बसत्यात. आठवड्यातनं एकदा सगळं पाणी उपसायचं, भांडं घासायचं, वाळवायचं. माजघरातला रांजण आधी. लहानपणी माझी टोपी विहिरीत टाकताना भ्याली न्हाईस, आता सासूला भिऊ नगंस.

कृष्णात

शिराळा, १६ सप्टेंबर १९४४

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

मामंजी उठून बसल्यात. पर रांजणाचं तू सोपं लिवलंस. हे पलटणीत गेले त्या दिवशी आत्याबाईंनी रांजण भरला, आन् लेक माघारी येईस्तवर त्याचा तळ दिसू द्यायचा न्हाई असं बोलल्या. दोन वर्सं वरनं नुसती घागर ओततोय. मी पळवाट काढली. वरचं पाणी फडक्यानं गाळून त्यातलं डासाचं किडं काढलं, पाणी परत त्यातच ओतलं. आठ दिवसांत पुन्हा किडं वळवळाय लागलं. सोमवारी चंद्रा तापली.

चार वर्सांचं लेकरू रं दादा! माझं डोस्कं फिरलं. मंगळवारी पदर खोचून रांजण उपसला, राखेनं खसाखसा घासला. आत्याबाई छाती पिटत म्हणाल्या, माझ्या पोराचा जीव सांडलास. पैल्यांदाच मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. म्हणलं, कुंकू माझंबी हाय. वाईट झालं तर जलमभर मला बोला, पर ह्या पाण्यापायी त्यांची लेक जाऊ देणार न्हाई.

तवापासनं त्या माझ्याशी बोलत न्हाईत. मला भ्या वाटतंय, लय वाटतंय. तरी येत्या मंगळवारी पुन्हा उपसणार.

राही

शिराळा, ८ ऑक्टोबर १९४४

चि. कृष्णातास राहीच्या सासूचा, बनुबाईचा आशीर्वाद.

हात तुझ्या भणीचा, बोल माझं. यातलं एक अक्षर गाळायचं न्हाई अशी ताकीद दिलीया तिला.

चंद्राचा ताप उतरला, आता भिताड धरून चालती. तापात मी नुसता हात लावला तर पोर किंचाळली. मी मेली पाणी राखत बसले, माझी मलाच लाज वाटली.

जोतीरामचं पत्र अजून न्हाई. शेजारची रंगुबाई पाणवठ्यावर म्हणाली, सुनंनं रांजण रिता केला, आता पत्र कुठनं येतंय? मी चार बायकांत तिला इचारलं, त्याआधी दोन महिनं पत्र आलं नव्हतं, तवा रांजण काठोकाठ होता न्हवं? तिच्याबी घरी दोन नातवंडं हायती. उद्या आमी दोघी जाऊन तिचा रांजण उपसणार, तिनं दार लावलं तरी.

माझा लेक येईल. न्हाईच आला, तर राहीकडं बोट करणाऱ्यानं आधी माझ्याशी गाठ घालायची. हे लिवताना ती रडतीया. मी म्हणलं, रड, पर लिव.

तुझी माया असू दे.

बनुबाईचा अंगठा